हायकूच्या खणातलं कातरण

बाइंडिंगच्या धंद्यात पुस्तक गिऱ्हाईक घेऊन जातं आणि कातरण आपल्याकडे राहतं. दिवसभर कापत बसा, संध्याकाळी घोट्यापर्यंत ढीग. किस्स्यांचंही तसंच आहे. नारायण पेठेतल्या एका वाचनालयाची पुस्तकं मी चाळीस वर्षं शिवतोय. वाचणारे वाचून गेले, त्यांचं कातरण माझ्या पायाशी साचलं. शाळा मी सातवीत सोडली, तेव्हा शुद्धलेखनाचं काय ते तुम्ही बघून घ्या.

* * *

सुरुवात केली पानसे सरांनी. गणिताचे निवृत्त मास्तर, राहायला कर्वेनगरला. एका सकाळी काउंटरवर येऊन म्हणाले, "सगळ्यात कमी शब्दांचं पुस्तक द्या."

आमच्या ग्रंथपाल लेलेबाईंनी मान वर न करता सांगितलं, "कॅलेंडर चौकात मिळतं."

एरवी सर उलट उत्तर दिल्याशिवाय पायरी उतरत नाहीत. त्या दिवशी काउंटर धरून तिथेच उभे राहिले. तेव्हा बाईंनी चष्मा काढला.

सरांच्या पत्नी सुमनताई. तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. मी त्यांना तेव्हापासून ओळखतो. चुकलेली वेलांटी त्या भातातल्या खड्यासारखी बाजूला काढायच्या आणि वर आपल्याकडे बघायच्या, जणू खडा आपणच टाकलाय. दिवाळीत त्यांना झटका आला. हात परत आला, पाय परत आला, बोलणं आलं नाही. भरलेलं पान समोर धरलं की अक्षरं अंगावर येतात, त्या पुस्तक मिटून टाकतात. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, थोडं थोडं द्या.

लेलेबाई उठल्या. सभासदासाठी त्यांना खुर्चीतून उठताना मी प्रथमच पाहिलं. खालच्या खणातून त्यांनी एक बारीक पुस्तक काढलं. हायकू. तीन ओळींची जपानी रीतीची कविता, पानावर एकच, बाकी पान मोकळं.

सरांनी चाळलं. "एवढंच?"

"कमीच मागितलं होतंत ना?"

* * *

त्या एका पुस्तकाचा पुढे अख्खा खण झाला. जुन्या जपानी कवींचे अनुवाद, आजच्या मराठी पोरापोरींचे संग्रह, लहान मुलांचे चित्रांचे. रविवारी दहाला चार डोकी जमून वाचू लागली. कविता आवडली की नाही हे कुणी विचारायचं नाही. सर वहीत उतरवून घ्यायचे आणि एवढंच विचारायचे, "हिला झेपेल?" आमची समीक्षा ती तेवढीच.

* * *

या चार डोक्यांतले एक आपटे काका. सरकारी कचेरीतून निवृत्त, नियमाला पक्के. पहिल्यांदा हायकूचं पुस्तक घेतलं, तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि दहा मिनिटांनी परत पुढे केलं.

"झालं वाचून. दुसरं द्या."

"त्याच दिवशी पुस्तक बदलून मिळत नाही," लेलेबाई म्हणाल्या. "मागे पाटी आहे."

"अहो, पण वाचून झालंय."

"मग परत वाचा."

काका तणतणत घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. पंधरा दिवसांनी बाईंनी फोन केला, की पुस्तकाची मुदत संपली. काका म्हणाले, "अजून वाचून व्हायचंय."

* * *

वैभव खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा यवतमाळचा. कशाला आला होता देव जाणे, बहुतेक पावणेदहाला सावली शोधत. पुस्तक उघडून मला म्हणाला, "काका, हे त अर्धं रिकामंच हाये न. प्रिंट उडाली का?"

असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "ती जागा वाचकासाठी असते. खाली आपला शेरा लिहून द्यायचा. जपानात तशी पद्धत आहे."

पुढच्या रविवारी पुस्तक परत आलं. प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने शेरा. ओल्या दगडावरच्या बेडकाखाली: 'बेडूक का थांबला, ते क्लिअर नाही.' चंद्राच्या कवितेखाली: 'मागच्या पानावर हाच इश्यू होता.' आणि एका म्हाताऱ्या आईच्या कवितेखाली फक्त, 'आज फोन करतो.'

लेलेबाईंनी त्याच्या हातात खोडरबर दिलं आणि टेबलाशी बसवलं. दीड तास खोडत होता. शेवटचा शेरा मात्र बाईंनी खोडू दिला नाही. सरांनी ते पुस्तक तसंच घरी नेलं. सुमनताई बाकीची पानं भराभर उलटून गेल्या आणि त्या शेऱ्यावर थांबल्या. किती वेळ ते सरांनी घड्याळ लावून सांगितलं. चार मिनिटं. तोंडातून शब्द नाही.

* * *

आता माझं एक पाप. एका रविवारी मी म्हटलं, मला एक जुनी जपानी कविता सापडली आहे, वाचू का? सगळे सरसावून बसले. मी डोळे अर्धे मिटून वाचली:

छत्री बाहेर
ठेवावी. आत पाणी
आणू नये.

आपटे काकांनी सुस्कारा सोडला. "पाणी म्हणजे डोळ्यांतलं. माणसाने दुःख उंबऱ्याबाहेर ठेवून यावं."

वैभव म्हणाला, "डीप आहे."

सरांनी बोटं मोजली. "पाच, सात, चार. शेवटच्या ओळीत एक अक्षर कमी पडतंय."

"जपानीत भरत असेल," मी म्हटलं.

लेलेबाई आतून आल्या. "दत्तोबा, ती पाटी माझी आहे. जिन्यात लावलीय. तुम्ही चौघे दर रविवारी तिच्यावरून वर येता."

सरांनी हे घरी सांगितलं. सुमनताईंचा ओठ एका बाजूने हलला म्हणे. हसल्या की काय, सरांना खात्री नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "अजून काही पापं असतील तर करा."

* * *

एक खरं सांगतो, यात थट्टा नाही. चाळीस वर्षांत मी हजारो पुस्तकं शिवली आणि एकही पूर्ण वाचलं नव्हतं. पाठपोटाची ओळख तेवढी, आतल्या माणसाशी कधी बोलणं नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं पुस्तक हायकूंचं. वाचून झालं तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. मी ते उगाच पुन्हा शिवलं, पक्क्या दोऱ्याने. आभार मानायची दुसरी रीत मला येत नाही.

* * *

मग तो मोठा घोटाळा. खणातला सगळ्यात जास्त फिरलेला संग्रह, ऋतूंप्रमाणे लावलेला, पाठीतून सुटला. मी फर्मे मोकळे केले. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, अशा घड्या एकावर एक रचून शिवल्या की पुस्तक होतं. चहा आला, गप्पा झाल्या आणि दोन फर्मे उलटसुलट बसले. अठ्ठेचाळीसनंतर थेट पासष्टावं पान. म्हणजे आंब्याच्या मोहोरानंतर एकदम बर्फ, आणि बर्फानंतर उन्हाळा.

तीन रविवार मंडळी ते वाचत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. आपटे काका तर म्हणाले, "ऋतूंची ही उलथापालथ फार धाडसी आहे." माझ्या लक्षात दुसऱ्याच रविवारी आलं होतं. मी काकांना मान डोलावून दाद दिली.

मग पुस्तक पानसे सरांकडे गेलं. मंगळवारी सकाळी सर स्कूटर घेऊन दुकानासमोर. "बसा मागे. तिने बोलावलंय."

"बोलावलंय? म्हणजे बोलल्या?"

"नाही. पुस्तकात बोट ठेवलं. मग शेवटच्या पानावर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, त्यावर ठेवलं. तीनदा."

सुमनताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक उघडं. मला पाहिलं आणि तीच छापखान्यातली नजर वर केली. बोट अठ्ठेचाळीसवर, मग पासष्टावर. ओठ बराच वेळ नुसते जुळत राहिले.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर आठ महिन्यांनी पहिला शब्द. मी हात जोडले. "माझीच चूक, ताई."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "सोडा. परत बांधा."

सर चहा टाकतो म्हणून आत गेले. बराच वेळ नुसता नळ चालू होता, चहा काही आला नाही.

त्या दिवसापासून कर्वेनगरला जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकात मी एक फर्मा मुद्दाम चुकवतो. परत आलं की सरळ करून खणात ठेवतो. लेलेबाईंना यातलं काही ठाऊक नाही, हे वाचून कळेल. सुमनताई दर वेळी पकडतात, दर वेळी शब्द थोडे वाढतात. मागच्या महिन्यात 'लाज वाटत नाही?' इथपर्यंत मजल गेली.

परवा कामाच्या गर्दीत विसरलो. पुस्तक गेलं, सगळे फर्मे जागच्या जागी.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन वाजला. सरांचा नंबर. मी म्हटलं, "बोला सर."

पलीकडे नुसता श्वास. मी हातातली सुई खाली ठेवली आणि थांबलो.

"दत्तोबा," सुमनताई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, एकेक शब्द उचलून, "तब्येत... बरी आहे ना?"