दारादारात उभी चाळ

माझी बायको दमयंती फोटो काढते. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. आमच्या परळच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरियरवाल्यालाही सांगून झालंय. लग्नाबिग्नाचे नव्हेत हां! इमारती, पूल, टेकड्या, पाण्याच्या टाक्या. जन्मभर महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून उभं राहिल्यावर बायका जरा पाय पसरून सिरियल बघतात. हिने रिटायर झाल्यावर सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि दादरच्या एका फोटोग्राफी क्लबात नाव घातलं. मी बस डेपोतून आधीच रिटायर झालेलो, रिकामटेकडा. ट्रायपॉड आपोआप माझ्या खांद्यावर आला.

तेव्हापासून आमचे रविवार असेच जातात. अँटॉप हिलच्या चढावर धापा टाकत तिने सरकारी कॉलनीच्या रांगा टिपल्या. माटुंग्याला एका इमारतीच्या गोल बाल्कनीसमोर मला इतका वेळ उभं केलं, की वॉचमनने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मी कुरकुरतो. पण घरी आल्यावर कॉम्प्युटरवर ते फोटो उघडले, की जेवण गार होतं. रोज ज्याच्या बाजूने गेलो, ते हिच्याच डोळ्यांनी मला पहिल्यांदा दिसतं. बायको आहे म्हणून म्हणत नाही. बरं, बायको आहे म्हणूनही म्हणतो.

तिची एक पद्धत आहे. कुठल्याही वस्तीत पहिल्या खेपेला कॅमेरा न्यायचा नाही. जायचं, लोकांशी बोलायचं, कोणी दिला तर चहा घ्यायचा, आपण कोण ते सांगायचं. फोटो दुसऱ्या खेपेला. "वॉर्डात नवीन पेशंटला आधी नाव विचारायचं, मग सुई टोचायची," ती म्हणते. क्लबातली पोरं हसतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पटापट बटणं दाबतात. हसू देत!

ही पद्धत तिने एकदाच मोडली, आणि तीही नेमकी माहेरी.

घोडपदेवची तिची चाळ पाडायची ठरली होती. क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी तिला एकच फोटो द्यायचा होता, चाळीचा. संबंध दर्शनी भाग, चारही मजल्यांच्या गॅलऱ्या, आणि माणूस एकही नको, नुसती इमारत. पुढच्या आठवड्यात हिरवी जाळी लागणार होती. समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून संध्याकाळचं ऊन चाळीवर येतं, तेही थोडाच वेळ. म्हणजे हा रविवार, नाहीतर कधीच नाही.

"आधी जाऊन भेटून येऊ या की," मी म्हटलं.

"माहेरी कसली परवानगी मागायची?" ती म्हणाली.

माहेर खरं, पण तिचे वडील गणपत जाऊन जमाना झाला. भावाने तिसऱ्या मजल्यावरची खोली विकून बदलापूर गाठलं. नव्या मालकाने कुलूप लावलं ते लावलंच. केस पांढरे, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा, अशा हिला चाळीत ओळखणार कोण?

मी रस्त्याच्या पलीकडे ट्रायपॉड लावला. तिने भिंगातून बघितलं, मान वाकडी केली, मला पाय जरा वर घ्यायला सांगितले. ट्रायपॉडचे, माझे नव्हे. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "सर्व्हेवाले आले रे!"

पाच मिनिटांत चाळीचा नूर पालटला. दार बंद दिसलं तर बिल्डर ती खोली रिकामी धरणार, अशी कोणीतरी आवई उठवली. झालं! दारादारात माणसं येऊन उभी राहिली. पुरुषांनी शर्ट चढवले, बायकांनी गाऊनवर ओढण्या घेतल्या. कोणी रेशनकार्ड छातीशी धरलं. दुसऱ्या मजल्यावर तर एका आजीला खुर्चीसकट उचलून दारात आणून बसवलं. आणि वरून ऊन पडलेलं, अगदी पिवळंधमक. मला फोटोतलं काही कळत नाही, पण ते बघून माझ्याही अंगावर काटा आला.

"काढ," मी कुजबुजलो. "रिकामी चाळ राहू दे. हा काढ."

"त्यांना वाटतंय आपण बिल्डरची माणसं आहोत."

"आधी काढ, मग सांग."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग टोपी काढली, रस्ता ओलांडला आणि वॉर्डभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "मी बिल्डरकडून आलेली नाही! ह्या फोटोचा तुमच्या खोलीशी काही संबंध नाही. मी माझ्या हौसेसाठी काढतेय!"

मग दगडू नावाचा चाळ कमिटीचा माणूस भडकला. "मग आम्हाला काय शोभेला उभं केलं? बायको गॅसवर डाळ ठेवून आलीय! चला रे आत!"

धडाधड दारं लागली. आजीसुद्धा खुर्चीसकट आत गेली. दमयंतीला हवी होती तशी रिकामी चाळ आता तिच्यासमोर होती, ऊनही होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

"आता नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली, पण ड्यूटीवरून येऊन ती रडलेली मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचं एक दार पुन्हा उघडलं. चाळीतल्या जुन्या कमलमावशी, वय ऐंशीच्या पुढे, कठड्याला धरून वाकून बघत होत्या. "गो, तू गणपतचा चेडू ना? तिसऱ्या माळ्यावरला?"

"हो मावशी. त्यांचीच मुलगी, दमयंती."

"मगे माहेराक येवन रस्त्यावर कित्याक उभी? वर ये, चाय घे आधी!" आणि मावशींनी वरवंटा आपटावा तशी शेजारची दारं बडवायला सुरुवात केली. "गणपतचा चेडू इला! भायर येवा!"

ती वर गेली, चहा उभ्या उभ्याच झाला. माणसं पुन्हा बाहेर आली. ह्यावेळी कोणी शर्ट बदलला नाही, रेशनकार्ड आणलं नाही. दगडू तर हातात डाळीचा डाव घेऊनच उभा राहिला. दमयंती धावत खाली आली, कॅमेऱ्याला डोळा लावला. ऊन चौथ्या मजल्यावर सरकायला लागलं होतं.

"थांब गो!" मावशी वरून ओरडल्या. "तुझा दार रिकामा दिसता. तां बरा नाय. जावयाक पाठव!"

मग काय, मी तीन जिने पळत चढलो. सासऱ्यांच्या कुलूपबंद दारापुढे उभा राहिलो, धापा टाकत. खालून दमयंतीचा आवाज आला, "अहो, पोट आत!" सगळी चाळ खो खो हसली आणि तिने बटण दाबलं.

तो फोटो दादरच्या हॉलमध्ये लागला. तिने खाली 'माझं माहेर' एवढंच लिहिलं. बक्षीस दुसऱ्याच कोणाला तरी मिळालं, धुक्यातल्या होडीला. मिळू दे. होडीपुढे कोण थांबत होतं? आमच्या फोटोपुढे गर्दी हटत नव्हती. चाळ तोवर रिकामी झाली होती, माणसं भाड्याच्या खोल्यांत पांगली होती. तरी दगडूने एकेकाला फोन करून बोलावलं होतं. सगळी लग्नाला आल्यासारखी नटूनथटून आली आणि काचेवर बोट ठेवून आपापलं दार शोधायला लागली. ती खुर्चीवाली आजी तर दारावरून बोट उचलेना.

क्लबाचा एक कार्यकर्ता धावत आला. "अहो, प्लीज, फोटोला हात लावू नका!"

मी मध्ये उभा राहिलो. "घर आहे त्यांचं ते," मी म्हटलं. "हात लागणारच."