कागदावरची मयत

परवा ड्रॉवरमध्ये जुना कार्बन पेपर सापडला आणि त्याच्या वासाबरोबर माझा जुना संतापही वर आला. पनवेलच्या कचेरीबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो. शेजारी एक कॉम्प्युटरवाला आला आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे वळली. एकदा खाडीकाठची एक विधवा कोळीण त्याच्याकडून वारसाचं प्रतिज्ञापत्र करून माझ्यापुढे आली. म्हणाली, "बाबा, वाचून दाव." त्यानं दुसऱ्याच कुणाची फाईल उघडून नावं बदलली होती आणि मयत म्हणून नवऱ्याऐवजी तिचंच नाव छापलं होतं. "मी जिती हाय नं? मंग मना कशी मारली?" ती कडाडली. तो हसला. "चुकून झालं मावशी, एका मिनिटात बदलतो." माझं डोकंच फिरलं. मी कोरा कागद चढवला आणि अक्षरं अशी आपटली की पूर्णविरामांनी भोकं पडली. आतल्या कारकुनानं तो कागद वाचलाही नाही. "हे चालत नाही, कॉम्प्युटरवरचं आणा." मग ती तिला कागदावर मारणाऱ्याच्याच रांगेत जाऊन उभी राहिली. आज माझ्यापुढेही कॉम्प्युटर आहे, पण जुनी फाईल मी उघडत नाही. प्रत्येक माणसासाठी कोरं पान घेतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, "काका, किती वेळ लावता!" मी म्हणतो, "जिवंत आहात ना? मग थांबा."