टच अँड गो

मुळशीच्या तळ्याकाठी टपाल वाटणारा वाल्मीक इंग्रजी तिसरी शिकलेला. तेवढ्या भांडवलावर तो साऱ्यांची इंग्रजी पत्रं वाचून दाखवी. अठ्ठावन्न साली पुण्याच्या एका दवाखान्यातून बानूबाई धनगरणीला पत्र आलं. तिचा नवरा बिरू न्यूमोनियानं तिथं पडला होता. डॉक्टरांची एकच ओळ: इट इज टच अँड गो.

"काय म्हनत्यात?"

"टच म्हंजे हात लावनं, गो म्हंजे जानं. यिऊन भेटून जा, म्हनत्यात."

"मग बाजारच्या दिशी जाते. मेंढ्या व्यायला आल्यात."

वाल्मीक निघाला, पण पुढच्या दोन घरी त्यानं एकाचं पत्र दुसऱ्याला दिलं. शब्द कळले होते, वाक्य कळलं नव्हतं. तो तडक धक्क्यावर गेला. लाँच चालवणाऱ्या जयसिंगनं उमेदीची वर्षं मुंबईत आगबोटीवर खलाशी म्हणून काढली होती.

"बोटीचा तळ गाळाला घासला, तर रुतली का संपली," जयसिंग म्हणाला. "नुसती घासून सुटली, तर निघाली. आमचा गोरा कप्तान त्याला टच अँड गो म्हनायचा. जगतंय का मरतंय, कायबी सांगता येत न्हाई, असं."

टपालाची थैली जयसिंगकडं टाकून वाल्मीक डोंगर चढत पळाला.

"वैनी, चुकलो मी! आत्ताच्या आत्ता निघा!"

बानूबाईनं मेंढ्या जावेच्या हवाली केल्या. मोटारीपर्यंत तो सोबत गेला. 

बिरू वाचला. महिन्यानं काठी टेकत घरी आला. लोक वाल्मीकला शाबासकी देऊ लागले, पण त्याच्या जिवाला घोर लागला. टपाल वाटायच्या या बारा वर्षांत आपण काय काय सांगून बसलो? तो दारोदार जुनी पत्रं मागत हिंडू लागला. बरीचशी चुलीत गेली होती.

रंभाबाईनं मात्र एक पेटीत जपलं होतं. तिच्या भिकूच्या मुंबईतल्या मालकाचं पत्र: तुमचा मुलगा ब्लॅक शीप आहे. काळं मेंढरू, असं वाल्मीकनं वाचलं होतं, आणि घोंगड्याला काळीच लोकर लागते म्हणून धनगराची बाई हरखून गेली होती. वाल्मीकनं पौडच्या मास्तरांना गाठून अर्थ विचारला आणि मान खाली घालून तिला सांगितला.

"मावशी, त्येचा अर्थ कुळाला बट्टा लावनारा. तिकडं काळ्या लोकरीला रंग चढत न्हाई, म्हनून काळं मेंढरू नको असतं."

रंभाबाईनं पत्राची घडी घालून ते पेटीत ठेवलं.

"त्यास्नी घोंगडं ठावं न्हाई," ती म्हणाली, "पर भिकूला मी उद्याच बघून येते."

वाल्मीकनं वहाणा चढवल्या. जुन्या पत्रांसाठी आंबवणे गावातली चार घरं अजून राहिली होती.