एमिलच्या टाकीतली गोटी

एमिल सोबोत्काने बसवलेल्या टाकीचं विमान हवेत बंद पडत नाही, हे त्या मैदानावर सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कुणी नवं विमान आणलं की पंखांची लांबी नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "टाकी एमिलला दाखवलीस ना?" नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधली ती गवताची पट्टी, कडेला पत्र्याची शेड, रविवारी सकाळी कॉफीचा थर्मास आणि कुणाच्या तरी बायकोने दिलेले, जर्दाळूचा मुरंबा भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव. रिमोटवर उडणारी, पेट्रोलवर चालणारी विमानं, काही तर माणसापेक्षा लांब पंखांची. एमिल धान्याच्या कोठारावर मोटारी आणि पट्टे दुरुस्त करून निवृत्त झाला होता. विमान तो बेताचंच उडवायचा, पण टाकीच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुर्दैवाने हे त्यालाही ठाऊक होतं.

टाकी म्हणजे तशी साधी प्लॅस्टिकची बाटली. तोंडाला बूच, बुचातून नळ्या. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला बाटलीच्या आत एक मऊ शेपूट जोडलेलं, आणि शेपटाच्या टोकाला पितळी गोटी. विमान उलटं होवो नाहीतर सुळकांडी मारो, पेट्रोल जिकडे जाईल तिकडे गोटी घरंगळते आणि शेपटाचं टोक बुडालेलं राहतं. उडवण्याआधी विमान हलवून कान लावायचा. आत टकटक वाजलं की निघायचं. हा रिवाज एमिलनेच पाडला होता.

दुसरा नियमही त्याचाच. शेडच्या दारावर त्याने लाल रंगात लिहून ठेवलं होतं: 'पेट्रोलच्या टाकीत सिलिकॉनची नळी घालणाऱ्याने घरी बसावं.' पूर्वी सगळे अल्कोहोलचं इंधन वापरत, तेव्हा सिलिकॉन चालायचं. पेट्रोलात ते फुगतं, बुळबुळीत होतं आणि निसटतं. एकदा ड्वाइट नावाच्या बिचाऱ्याच्या टाकीत तशी नळी सापडली, तर एमिलने ती सगळ्यांसमोर चिमटीत धरून नाचवली. "ही नळी आहे की शेवई? सूप करून पी, लेका!" ड्वाइट पुन्हा मैदानावर फिरकला नाही. माणूस हुशार असला की त्याने थोडं गप्प राहावं, पण एमिलला ते कुठलं जमायला!

व्हर्नन टीट हा त्याचा जुना मित्र. शाळेची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे खात आणले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार तर एक-दोन उन्हाळे नीट दिसेल. म्हणून त्याने अख्खा हिवाळा खपून एक पिवळंधमक दुपंखी विमान बांधलं. आकाशात ठळक दिसावं म्हणून पिवळं. "डोळे जाईपर्यंत हेच उडवणार," तो म्हणायचा. टाकी अर्थातच एमिलकडे आली.

टाकी बांधायला घेतली त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये पेट्रोलला चालणारी नळी संपली होती. आतलं शेपूट तेवढं जोडायचं राहिलं होतं. एमिल रेडिओवर बेसबॉल ऐकत होता, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात अल्कोहोलच्या काळातल्या नळ्यांच्या जुन्या खणात गेला. तुकडा कापला, गोटी अडकवली, बूच आवळलं. बादलीत बुडवून फुंकून पाहिलं, एक बुडबुडा नाही. बादलीला बाहेरची गळती कळते, आत काय घातलंय ते कळत नाही.

पहिला रविवार झकास गेला. पुढच्या रविवारी व्हर्ननने विमान हलवून कान लावला.

"एमिल, आज गोटी जरा जास्तच मोकळी वाजतेय रे."

"वाजतेय ना? मग उडव की गपचूप. आता तू मला टाक्या शिकवणार?"

विमान उठलं, मक्यावरून वळलं आणि नाक वर करून चढू लागलं. इंजिनाचा आवाज आधी किरटा झाला, मग थांबलाच. व्हर्ननने ते पट्टीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण उंची पुरली नाही. पिवळं विमान पलीकडच्या झाडांत गेलं.

सांगाड्यापाशी सगळ्यांत आधी एमिल पोचला. टाकी फुटली होती. गोटी सुटून पडलेली, आणि फुगून लिबलिबीत झालेलं ते शेपूट वेगळंच. मागून लोक येत होते. एमिलने शेपूट उचललं आणि खिशात घातलं.

"काय झालं रे?" कुणीतरी विचारलं.

तोवर व्हर्नन धापा टाकत पोचला होता. तो म्हणाला, "माझंच चुकलं. इंजिनाला पेट्रोल सोडणारी सुई फार आवळली मी. आता हे डोळे नि हे अंगठे काही कामाचे राहिले नाहीत. बास झालं आता."

तो पुन्हा मैदानावर आला नाही. एमिलने अनेकदा ट्रक काढला, त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. सांगू, बर्फ वितळलं की सांगू, असं करत राहिला. शेडचं दार दिसलं की त्याला ड्वाइट आठवायचा. मैदानावर लोक अजूनही टाक्या दाखवायला आणत, आणि तो मान खाली घालून त्या तपासत असे. लाज माणसाला किती दिवस मित्राच्या दारापासून लांब ठेवते, याला काही धरबंध नाही.

दोन हिवाळे असेच गेले. शेवटी व्हर्ननची बायको आर्डिस एमिलला दुकानात भेटली. "त्याला आता काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "तुझी आठवण काढतो. एवढं काय भांडलात रे तुम्ही?"

त्याच आठवड्यात एमिल नवी टाकी बांधून, योग्य नळी घालून व्हर्ननच्या ओसरीवर गेला. व्हर्नन खुर्चीत बसला होता. एमिलने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सिलिकॉन, खण, खिसा, सगळं.

"माहीत आहे मला," व्हर्नन म्हणाला. "किरटं ओरडून बंद पडलं, म्हणजे इंजिन पेट्रोलविना उपाशी मेलं. आणि तू काहीतरी खिशात घातलंस, तेवढं दिसत होतं तेव्हा मला."

"मग सुईचं का सांगितलंस?"

"तू ड्वाइटला नाचवलंस ना, तसं त्यांनी तुला नाचवलं असतं. म्हटलं, लोकांसमोर नको. घरी येऊन सांगशील."

एमिल पायरीवर बसला.

"मी वाट बघत होतो रे," व्हर्नन म्हणाला. "सांगाडा तळघरात ठेवला होता. तू आला असतास तर त्याच हिवाळ्यात पुन्हा जोडलं असतं आपण. पुढचा अख्खा उन्हाळा मला दिसत होतं, एमिल. चांगलं स्वच्छ दिसत होतं. इथे बसून मी लोकांच्या गाड्यांचे नंबर वाचायचो."

एमिलला रडू आवरेना. त्याने नवी टाकी व्हर्ननच्या हातात दिली. व्हर्ननने ती चाचपली, बुचावरून बोट फिरवलं, कानाशी धरून हलवली. आत टकटक वाजलं.

"वाजतेय," तो म्हणाला, आणि टाकी परत एमिलच्या हातात दिली.