देव्हाऱ्यात राहिलेलं लायसन

आम्ही ब्राह्मणपुरी सोडली त्या सकाळी सासूबाईंनी ह्यांचं पिस्तूल देव्हाऱ्यापुढं पाटावर ठेवायला लावलं, शेजारी लायसनचं बुक, आणि दोन्हीवर हळदकुंकू, दसऱ्याला आपण विळा-कोयता पुजतो ना तसं. हे फौजेतून सुटून आले होते, सुरतला एका शेठचे अंगरक्षक म्हणून काम लागलं होतं, तर ज्याच्यावर पोट चालणार त्याला देवाचा हात लागू द्या, असं सासूबाईंचं म्हणणं. मोटारसायकलवर आम्ही तिघं, हे, मी आणि आठ महिन्यांची परी. रेल्वेनं जा म्हणाले सगळे, पण एकटीनं डब्यात बसायची माझी छाती नव्हती, आणि गाडी तर तिकडं लागणारच होती.

माय, तू पण निरोपाला आली होतीस. मला बाजूला घेऊन म्हणालीस, "पोरी, काही चुकनं तं दाबी ठेव. माणूसले लगेच सांगू नको, डोकं फिरस त्यास्नं." मी मान हलवली. मी सातवीत शाळा सोडली, पण तुझं हे मला न लिहिता पाठ होतं.

खरं सांगते, मला त्या पिस्तुलाचीच लई भीती होती. खड्ड्यात गाडी आदळली आणि उडालं तर? लेकरू मध्ये बसलेलं! ह्यांनी आदल्या दिवशी मला समोर बसवून सगळं सांगितलं. गोळ्या काढून वेगळ्या. पिस्तूल कातडी पाकिटात, बटण लावून, कमरेला, वरून जाकीट, लोकांना दाखवत फिरायचं नाही. डिकीत नाही, टाकीवरच्या पिशवीत नाही, आणि तुझ्या हातात तर नाहीच नाही, ज्याच्या नावाचं लायसन त्याच्याच अंगावर. आणि लायसनचं बुक सोबत पाहिजेच, त्याच्यावर गुजरातची परवानगी चढवून आणलीय, किती चकरा मारल्या त्याच्यासाठी, ते नसलं तर नाक्यावर फौजी आणि चोर सारखेच. जेल होईल, आणि नोकरी जाईल ती वेगळीच. एवढं सगळं मला समजलं होतं. तरी बघ.

निघायच्या वेळी पिस्तूल ह्यांनी स्वतः उचललं आणि गाडीला बॅग बांधायला गेले. जाता जाता बुक माझ्यावर सोपवून म्हणाले, "बुक लई ले वं." मी नारळ घेतला, कुंकवाची पुडी घेतली, तेवढ्यात परीनं सूर लावला, सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढायला लागल्या, तू रडायला लागलीस, मी रडायला लागले, आणि गाडी चालू झाली.

नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीच्या ठसक्यानं परी खोकायला लागली म्हणून पुढं जाऊन थांबलो. दुपटं काढायला पिशवी उघडली. नारळ होता. पुडी होती. बुक नव्हतं. मी पिशवी तीनदा उलटी केली, हे विचारतात काय शोधते, मी म्हटलं काही नाही, झबलं.

आणि बसले परत मागं! माझी अक्कल बघ. पुढं नवापूर, त्याच्यापुढं गुजरातचा नाका, आणि मी ह्यांच्या पाठीला धरून गप. तोंड उघडलं तर हे चिडतील, नाही उघडलं तर पोलीस धरतील. प्रत्येक खाकी कपडा दिसला की मी ह्यांच्या पाठीमागं तोंड लपवायची. एक तर शाळेचा शिपाई निघाला. परी झोपली होती, तिचं डोकं ह्यांच्या पाठीवर, आणि मला वाटलं आज हिच्या बापाला माझ्यामुळं बेड्या पडणार. तेव्हा कशी कोण जाणे, मी ओरडलेच, "अहो, थांबा! बुक देव्हाऱ्यातच राहिलं!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. हेल्मेट काढलं. मी डोळे मिटून उभी, आता कानाखाली पडते का काय. हे म्हणाले, "कव्हय समजनं तुले?" मी म्हटलं, नंदुरबारला. तेव्हा एक मोठा श्वास सोडला त्यांनी. मग म्हणाले, "आते पुढे बी जाता येत नही, मांगे बी नही." परत फिरायचं तरी पिस्तूल अंगावर आणि बुक नाही, गुन्हा तोच ना. थोडं पुढं एक पोलीस चौकी होती. हे गाडी ढकलत तिकडं निघाले, मी मागून पोर घेऊन पळते, म्हणते, तिथं कशाला? हे म्हणाले, "त्यास्नी धराना आधी आपण सांगानं."

चौकीत एक म्हातारे हवालदार. पिस्तूल टेबलावर काढून ठेवलं, सगळं सांगितलं, तर ते माझ्याकडं बघून म्हणतात, "वा फौजी! बायको लई उना, पोर लई उना, बंदूक लई उना, अन् कागद देवले वाही उना?" त्यांनी पिस्तुलाचा नंबर लिहून घेतला, आम्हाला बाकावर बसवलं, म्हणाले बुक येऊ द्या, तोवर इथून हलायचं नाही. ह्यांनी घरी फोन लावला.

दुपार कलली आणि एसटीतून उतरलं कोण? सासूबाई! नंदुरबारच्या पुढं कधी न गेलेली बाई, तीन गाड्या बदलून, बुक लाल फडक्यात बांधून, छातीशी धरून. मला वाटलं आता सगळ्यांदेखत उद्धार होणार. तर पदरानं माझं तोंड पुसून म्हणतात, "रडू नको वं, तुन्हामुये मी नवापूरनी वाट दखी!"

हवालदारांनी फडकं सोडलं. ह्यांच्या फोटोच्या नेमकं कपाळावर कुंकू लागलेलं. ते इतके हसले की परी पण हसली. नंबर जुळवला, गुजरातची परवानगी वाचली, पिस्तूल परत दिलं. "जाय. पन दुसरी खेप व्हयनी तं मीच आत टाकसू." सासूबाईंनी आमच्याबरोबर भजी खाल्ली आणि उलट्या एसटीत बसल्या.

आता सुरतेत उधन्याला वर्ष होत आलं. चाळीत अर्धी माणसं आपल्याकडचीच, नळावर अहिराणी ऐकू येते, आणि वरची गुजराती बेन मला "केम छो" म्हणते तेव्हा मी "मजामा" म्हणते, तेवढं येतं. भीती गेली नाही माझी. लग्नाचं बोलावणं आलं की पहिलं विचारते, ते कमरेचं घरी कुलपात ठेवणार ना? निवडणुकीत पिस्तूल पोलिसांकडं जमा करावं लागलं, तेवढे दिवस मी पोटभर जेवले, आणि हे मात्र काहीतरी हरवल्यासारखे कमरेवर हात फिरवत बसायचे.

पण माय, तुझं एक मी मोडलं, रागावू नको. परवा परीच्या पायातलं पैंजण मोरीत वाहून गेलं, तू बारशाला घातलेलं, चांदीचं. गावी असते तर महिनाभर लपवलं असतं, पोरीला मोजे घालून फिरवलं असतं. इथं ह्यांची गाडी खाली वाजली तशी मी जिन्यातूनच ओरडले, पैंजण गेलं, मोरीत गेलं, माझ्याच हातून गेलं! अख्ख्या चाळीनं ऐकलं.

हे खालून म्हणाले, "हेल्मेट तं काढू दे वं." आणि परीला घ्यायला दोन-दोन पायऱ्या चढत आले.