दुसरी हाक

शंभर मीटरच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून माझा मोठा भाऊ ओरडायचा, "ये, ये! ये, ये!" आणि मी त्या आवाजाच्या अंगावर धावत जायचो. देवीच्या साथीत डोळे गेलेल्या माणसानं पळायची हीच रीत. आवाज हाच रस्ता, दुसरा नाही. वस्तीतले लोक कौतुकानं मला सूरदास म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. मला कुठं गाता येत होतं? मला पळता येत होतं.

भाऊ नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानासमोर गिऱ्हाइकं बोलवायचा, त्यामुळे घसा कमावलेला. हाक मात्र नेहमी जोडीनं मारायची, हा आमच्या आईचा दंडक. एका हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, दुसऱ्यांदा त्याला जमत नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेताना आईनं देव सोडले, पण भुतं सोडायची राहून गेली, असं मी तिला चिडवायचो.

एका थंडीतल्या पहाटे मैदानावर मी पळायच्या पवित्र्यात वाकलो. भाऊ अजून माझ्याजवळच होता, त्याचा हात माझ्या पाठीवर होता. तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून त्याच्याच आवाजात हाक आली, "ये."

मी ताठ उभा राहिलो.

"काय झालं गा?"

"तू हाक मारली का, दादा?"

"मी तर तोंडच उघडलं नाही."

त्यालाही ती ऐकू आली होती की नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. तो मात्र माझं मनगट धरून घराच्या वाटेला लागला. आम्ही न पळताच घरी आलो, आणि आईला काही बोललो नाही.

पुढं परदेशातल्या अपंगांच्या जागतिक स्पर्धेसाठी माझी निवड झाली. भावाची नाही. सगळ्या चमूला मिळून एकच मदतनीस, तो मुंबईचा एक साहेब. परक्या आवाजाच्या भरवशावर अंधारात जीव तोडून पळणं मला जमेल का, एवढाच प्रश्न होता. नाही जमलं, तर सात समुद्र ओलांडून मी नुसता उभा राहणार होतो. मग भाऊच रोज साहेबी आवाज काढून "थ्री, थ्री!" ओरडायला लागला; तिथं तीन म्हणजे पट्ट्याच्या मधोमध, सरळ ये. त्याचं इंग्रजी ऐकून मला हसू फुटायचं आणि पाय अडखळायचे.

"हसून नको राहू गा," तो म्हणायचा. "तिथं सायबाचाच आवाज धरजो."

स्पर्धेत आम्हाला एकेकट्याला पळवून वेळ मोजली. धावकाला हाक नीट ऐकू यावी म्हणून सगळं स्टेडियम गप्प केलं होतं. एवढी माणसं भोवती आहेत आणि कुणी खोकतसुद्धा नाही, याची मला फार भीती वाटली. बंदूक वाजली. समोरून साहेब ओरडू लागले, "थ्री, थ्री! थ्री, थ्री!" जोडीनं हाका मारायला मीच त्यांना सांगितलं होतं. पाय सुटले.

अर्ध्यावर आलो असेन. डाव्या कानाशी, अगदी जवळून, भाऊ म्हणाला, "ये."

माझा खांदा त्या बाजूला वळला. आणखी एक पाऊल तिकडं पडलं असतं, तर पट्टा सोडला म्हणून बाद झालो असतो. पळता पळता मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. मी साहेबांचा आवाज धरला आणि तिसरा आलो.

नागपूरला उतरलो तेव्हा भाऊ स्टेशनवर नव्हता. घरी वहिनीनं सांगितलं, मी गेल्यापासून तो तापानं फणफणला होता. माझ्या शर्यतीच्या दिवशी तर हाताबाहेरच गेला होता. आता ताप उतरला होता, पण घसा बसला तो बसलाच. पुढं दुकानातलं कामही त्या घशापायी गेलं.

मी चाचपडत त्याच्या खाटेशी बसलो. मेडल खिशातच राहिलं. त्यानं माझं मनगट धरलं आणि नुसत्या श्वासानं विचारलं, "आला काहून नाही गा? मी हाक मारली होती."

मी म्हणालो, "एकदाच मारली, दादा."

त्यानं माझं मनगट सोडलं.

"दुसरीले आवाजच नाही निघाला," तो म्हणाला.