गोऱ्हा वाढला, सत्यम राहिला

देवणीकडच्या आमच्या गावात शेषेरावांचा गोठा कुठला म्हणून विचारा, शेंबडं पोरही बोट दाखवेल. जमीन बेताची, पण जनावरांवर जीव असा, की सोयरा आला तरी आधी गोठ्यात नेणार, चहा नंतर. गाय पिळताना एक सड वासरासाठी सोडायचा, हा त्यांचा नेम. "वाढत्या जिवाच्या तोंडचं काढू न्हाई," असं ते ज्याला त्याला ऐकवायचे. ऐकवायची त्यांना भारी हौस.

मुलगा सत्यम आठवीपासून लातूरला. क्लास, भाड्याची खोली, मेसचा डबा. त्याला सोडायला गेले तेव्हा शेषेरावांनी उपदेश केला, "राती लई जेवू नको. पोट भरलं की झोप येती, मग अभ्यास कशाचा?" आपण केवढं शहाणपणाचं बोललो, म्हणून परतीच्या एसटीत स्वतःवरच खूश होते.

पोराचे मार्क वाढले. उंची फारशी वाढली नाही. दिवाळीत त्याची आई वर्षाराणी म्हणाली, "अवं, ह्याची मागल्या दिवाळीची पँट अजून आखूड झाली न्हाई."

"कपडे जपतंय पोरगं," शेषेराव म्हणाले, आणि गोठ्याकडे गेले.

या वर्षी जनावरांच्या प्रदर्शनात त्यांच्या गोऱ्ह्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोसाठी सत्यमला मुद्दाम लातूरहून बोलावलं. दहावीतलं ते पोरगं कासरा धरून गोऱ्ह्याशेजारी उभं राहिलं, तसा शेजारचा बालाजी ओरडला, "शेषेराव, पोराचा खुराकबी गोऱ्ह्यालाच चारला का काय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं शेषेराव हसले. वर म्हणाले, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान!"

"फोटो झाला का, अण्णा?" सत्यमनं विचारलं. आवाज पाचवीतल्या पोरासारखा बारीक. बालाजीचा श्रीशैल त्याच्याच वयाचा, तिथंच उभा होता. त्याला मिसरूड फुटलेली, आवाज घोगरा. शेषेरावांचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. गोऱ्ह्याची छाती कोणत्या महिन्यात किती भरली, ते त्यांना पाठ होतं. पोराकडे मात्र ते आज पहिल्यांदा बघत होते.

पुढच्याच आठवड्यात ते त्याला घेऊन लातूरच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी त्याला तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला, रक्त तपासायला दिलं. मग बापालाच विचारलं, "तुम्हाला मिसरूड कधी फुटली?"

"उशिराच. लग्नातबी धड नव्हती."

"मग थोडं घराण्यातून आलं असेल. पण तेवढंच नाही." त्या सत्यमकडे वळल्या. "रात्री काय जेवतोस?"

सत्यमनं आधी बापाकडे पाहिलं. "एक पोळी. कधी नुसता चहा."

"डबा पुरत नाही?"

"पुरतो. मीच परत पाठवतो. अण्णा म्हणले होते, पोट भरलं की झोप येती."

"आणि झोपतोस कधी?"

"एकला. पाचला उठतो."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलांची वाढ बरीचशी गाढ झोपेत होते. पोटात अन्न नाही, झोप नाही, खेळ नाही, डोक्यावर सारखं ओझं. मग शरीर वयात येणंच लांबवतं. हाडं अजून वाढायची थांबलेली नाहीत. पण आता वेळ दवडू नका."

शेषेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष घराण्यावर ढकलायला बाईंनी वाट ठेवली होती, पण ते त्या वाटेला गेले नाहीत. बढाईखोर म्हणा हवं तर, पळपुटा हा माणूस कधीच नव्हता. एसटी स्टँडवर ते पोराला म्हणाले, "वासराला बोलता येत न्हाई, म्हणून त्याच्याकडं बघत राहिलो. तुला बोलता येतं, म्हणून बघितलंच न्हाई. चुकलो रे लेकरा."

"मला वाटलं, मी कमी जेवलो तर तुम्हाला बरं वाटंल," सत्यम म्हणाला.

बापानं त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघं एसटीत चढले. गाव येईपर्यंत शेषेराव खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी ठरलं, की वर्षाराणीनं लातूरला खोलीवर राहायचं, स्वयंपाक तिथंच करायचा, आणि संध्याकाळचा एक क्लास बंद करून पोरानं मैदानावर जायचं. गोठा शेषेराव एकटे बघतील. त्या संध्याकाळी ते स्वतः वाढायला बसले. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, तांब्याभर दूध. पहिली भाकरी संपली तशी त्यांनी दुसरी पुढं केली.

सत्यमनं ताटावर हात आडवा धरला. "बस अण्णा. झोप येती."

भाकरी धरलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी पोराचा हात हळूच बाजूला सारला आणि भाकरी ताटात ठेवली.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे, बाबा."